ग्रामीण रुग्णालयासाठी सरकारदरबारी पाठपुरावा: पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्यांसाठी

तालुक्याच्या गावात ग्रामीण रुग्णालय आहे, इमारत बरी आहे, ओपीडीला गर्दीही असते. पण बाळंतपण अडलं की बाईला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं जातं. महाराष्ट्रातल्या कितीतरी तालुक्यांत हे चित्र ओळखीचं आहे. लोक संतापतात, निवेदन देतात, पेपरात फोटो येतो आणि सहा महिन्यांनी परिस्थिती होती तशीच असते. याचं कारण लोकांची उदासीनता नसतं. बहुतेक वेळा निवेदन भलत्याच टेबलावर गेलेलं असतं, आणि त्यात एका मागणीऐवजी दहा मागण्या असतात.

हा लेख ग्रामपंचायत सदस्य, बचत गटातल्या ताया, निवृत्त शिक्षक, कॉलेजातली मुलं अशा सगळ्यांसाठी आहे. समजण्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून ठेवू: आपल्या ग्रामीण रुग्णालयात सिझेरियन होत नाही, कारण भूलतज्ज्ञ नाही.

पहिली पायरी: दवाखाना कोणाच्या ताब्यात आहे ते शोधा

सार्वजनिक आरोग्य हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतला विषय आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा पैसा येतो त्यातही केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के असतात. म्हणून दिल्लीकडे बघत बसण्यात अर्थ नाही. आपली बरीचशी कामं जिल्ह्यात किंवा मुंबईत मंत्रालयात अडलेली असतात.

पण राज्यातही सगळे सरकारी दवाखाने एकाच हाताखाली नाहीत, आणि नव्या माणसाची पहिली फसगत इथेच होते. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असतं. तिथला साहेब म्हणजे तालुका आरोग्य अधिकारी, त्याच्या वर जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय यांचा झेडपीशी संबंध नाही. ती थेट राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची. त्यांचे प्रमुख जिल्हा शल्यचिकित्सक, म्हणजे आपण ज्यांना सिव्हिल सर्जन म्हणतो ते. त्यांच्या वर परिमंडळाचे उपसंचालक. अशी आठ परिमंडळं आहेत: ठाणे, पुणे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचं औरंगाबाद), लातूर, अकोला आणि नागपूर. शासकीय मेडिकल कॉलेजचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असतं, आणि शहरातले पालिकेचे दवाखाने पालिकेकडे.

हा फरक कागदापुरता नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यात केसपेपर आणि उपचार मोफत झाले, ते सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांमध्ये. वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालयं त्यात नव्हती. एकाच शहरातल्या दोन सरकारी रुग्णालयांत एका ठिकाणी पैसे लागतात आणि दुसऱ्या ठिकाणी लागत नाहीत, याचं उत्तर यात आहे.

आपल्या उदाहरणात रुग्णालय सिव्हिल सर्जनच्या अखत्यारीत येतं. झेडपीच्या सीईओंना निवेदन दिलं तर ते सौजन्याने 'पुढील कार्यवाहीस्तव' पाठवून देतील आणि तुमचे दोन महिने जातील.

दुसरी पायरी: आधी मोजा, मग बोला

भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकं पहिल्यांदा २००७ मध्ये आली, पुढे २०१२ आणि २०२२ मध्ये सुधारली गेली. किती लोकसंख्येला कोणता दवाखाना हवा, ते त्यांवरून कळतं: सपाट भागात ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १,२०,००० ला ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय. आदिवासी आणि डोंगराळ भागात हेच आकडे अनुक्रमे ३,०००, २०,००० आणि ८०,००० आहेत. आपल्या तालुक्याची लोकसंख्या समोर ठेवून कुठे किती कमी आहे हे एका पानावर मांडा. पुढे प्रत्येक ठिकाणी हेच पान उपयोगी पडेल.

त्यानंतर मनुष्यबळ. वहीत चार रकाने आखा: मंजूर, भरलेली, रिक्त आणि प्रत्यक्ष हजर. चौथा रकाना सरकारी तक्त्यात नसतो, तो आपण भरायचा. नेमणूक आपल्या रुग्णालयात आणि काम दुसरीकडे, याला प्रतिनियुक्ती म्हणतात. तिच्यामुळे कागदावर भरलेलं पद गावासाठी रिकामंच राहतं.

ही माहिती मागायला माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आहे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. 'का' असं विचारू नका. हा कायदा नोंदी देतो, कारणमीमांसा देत नाही. नमुना असा:

*विषय: ग्रामीण रुग्णालय, (गावाचे नाव) येथील पदांबाबत.*
*१) सदर रुग्णालयातील मंजूर पदांची संवर्गनिहाय यादी व संबंधित शासन निर्णयाची प्रत.*
*२) प्रत्येक पदावरील अधिकारी/कर्मचाऱ्याचे पदनाम व रुजू दिनांक; पद रिक्त असल्यास रिक्त झाल्याचा दिनांक.*
*३) सदर रुग्णालयातून अन्यत्र प्रतिनियुक्तीवर पाठविल्याच्या आदेशांच्या प्रती.*
*४) रिक्त पदांबाबत वरिष्ठ कार्यालयास पाठविलेल्या पत्रांच्या प्रती.*

चौथा मुद्दा वगळू नका. सिव्हिल सर्जन कार्यालयाने स्वतःच वर तीन-चार पत्रं पाठवलेली असतात, असं पुष्कळदा दिसतं. ती हाती आली की जिल्ह्याचा अधिकारी आपल्या विरोधात नाही, तोही तेच मागतो आहे, हे कळतं आणि बोलण्याचा सूर बदलतो.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. त्याला २० रुपयांचं स्टॅम्प लागतं. अर्ज करण्याआधी एक सोपा मार्गही आहे: जिल्हास्तरावरच्या शासकीय कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहू द्यावेत, असा शासनाचा निर्णय आहे. दोघं मिळून जा, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने लिहून घ्यायचं.

आता आपल्या उदाहरणातला सगळ्यात बोलका कागद. प्रसूती कक्षात बाळंतपणांची नोंदवही असते आणि पुढे पाठवलेल्या रुग्णांची वेगळी नोंद असते. गेल्या वर्षभरात दर महिन्याला किती बायका दाखल झाल्या, किती इथेच बाळंत झाल्या, किती पुढे पाठवल्या आणि कोणत्या कारणासाठी, एवढे आकडे मागा. नावं अजिबात मागू नका, मिळाली तरी कुठे लिहू नका. 'भूलतज्ज्ञ उपलब्ध नसल्याने संदर्भित' ही ओळ किती वेळा आली आहे तो आकडा तुमच्या मागणीचा पाया आहे.

आकड्यांची ताकद पाहायची तर गडचिरोलीकडे पाहा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावागावांत नवजात बाळांच्या मृत्यूची काटेकोर नोंद ठेवली आणि गावातल्याच बायकांना घरी जाऊन बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. २०११ पासून आशांमार्फत घरोघरी नवजात बाळाची काळजी घेणं हा देशाच्या कार्यक्रमाचा भाग झाला. आपण संशोधक नाही, पण वही प्रामाणिकपणे ठेवणं आपल्यालाही जमतं.

तिसरी पायरी: मागणी एक, तीही नेमकी

'आरोग्य सेवा सुधारा' ही मागणी कोणीच नाकारत नाही, म्हणून ती कोणी पूर्णही करत नाही. आपलं दुखणं पुढच्यांपैकी कोणत्या प्रकारात बसतं ते आधी ठरवा.

पद मंजूर आहे पण रिक्त आहे, तर प्रश्न भरतीचा किंवा बदलीचा. तो आरोग्य सेवा आयुक्तालय आणि विभागाच्या पातळीवर सुटतो.

पदच मंजूर नाही, तर प्रश्न पदनिर्मितीचा. इथे प्रस्ताव वित्त विभागापर्यंत जातो आणि वेळ लागतो. 'इमारत तयार, पण आकृतिबंध (म्हणजे पदांचा तक्ता) मंजूर नाही' अशी कुलूपबंद रुग्णालयं याच टप्प्यावर अडलेली असतात. उद्घाटनाच्या आनंदात लोक पदांचं विचारायचं विसरतात. माझं मत विचाराल तर इमारतीच्या भूमिपूजनाच्या दिवशीच पदमंजुरीचा प्रस्ताव कुठे आहे हे विचारायला हवं.

नवं रुग्णालय किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचं ग्रामीण रुग्णालयात श्रेणीवर्धन हवं असेल तर आधी बृहत आराखडा, म्हणजे कुठे कोणता दवाखाना व्हायचा याचा राज्याचा आराखडा, पाहा. २०११ च्या जनगणनेवर आधारलेला आराखडा २०१३ मध्ये मंजूर झाला. आपल्या गावाचं नाव त्यात असेल तर लढाई अंमलबजावणीची आहे. नसेल तर आधी नाव घालून घेण्याची आहे.

औषधं, यंत्रं, दुरुस्ती हा तुलनेने लवकर सुटणारा प्रकार. औषधांचा साठा ई-औषधी प्रणालीत नोंदवलेला असतो, त्यामुळे 'वरूनच आलं नाही' हे तपासता येतं. किरकोळ खर्चाला रुग्ण कल्याण समितीचा निधी असतो. मात्र सोनोग्राफी यंत्र धूळ खात पडलं असेल तर दुरुस्तीची मागणी करण्याआधी एक पाहा: गर्भलिंगनिदान प्रतिबंध कायद्याखाली यंत्राची नोंदणी आणि पात्र डॉक्टर असल्याशिवाय ते चालवता येत नाही. म्हणजे दुखणं यंत्राचं नसून पुन्हा पदाचंच असतं.

आपल्या उदाहरणात भूलतज्ज्ञाचं पद मंजूर आहे का, ते माहिती अधिकाराच्या उत्तरातून कळेल. नसेल तर मागणी दोन भागांत करा. कायमस्वरूपी: पदनिर्मिती. तोवर: राष्ट्रीय आरोग्य अभियानातून कंत्राटी भूलतज्ज्ञ, किंवा केसमागे मानधन देऊन बोलावता येणारा खासगी भूलतज्ज्ञ. दुसरा भाग लवकर मिळू शकतो, आणि तो मिळाला की पहिल्याची गरज किती खरी आहे हे दिसू लागतं.

चौथी पायरी: ठरावाचा कागद

एकट्याचं निवेदन म्हणजे एका माणसाची तक्रार. पंधरा गावांच्या ग्रामसभांचे ठराव म्हणजे तालुक्याचं म्हणणं. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. त्याआधी महिलांची सभा असते, ती सोडू नका. बाळंतपणाचा विषय तिथे जितका मोकळेपणाने निघतो तितका ग्रामसभेत निघत नाही.

विषय अजेंड्यावर लेखी घ्यायला लावा. 'आयत्या वेळच्या विषयांत' आलेला ठराव कच्चा राहतो. ठरावात आकडा, मागणी आणि ती कोणाकडे आहे या तीनच गोष्टी असाव्यात. सूचक-अनुमोदकांची नावं असावीत आणि ग्रामसेवकाकडून सही-शिक्क्याची प्रत त्याच आठवड्यात घ्यावी. पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांसाठीचा कायदा) लागू असलेल्या गावांनी आपण अनुसूचित क्षेत्रातली ग्रामसभा आहोत हे ठरावात स्पष्ट लिहावं.

ठरावांसोबतच्या पत्रात एक आधार जरूर द्या. १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तातडीचे उपचार सरकारी रुग्णालयात न मिळणं हा घटनेच्या २१ व्या कलमाखालच्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैशाची टंचाई ही राज्याची सबब होऊ शकत नाही. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला कोलकात्यात एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं होतं, त्यावरून हा निकाल आला.

पाचवी पायरी: सरकारचं वर्ष समजून घ्या

निवेदन मार्चमध्ये दिलं तर उत्तम लिहिलेलं असूनही वर्षभर थांबावं लागतं. पैशाचे निर्णय त्याआधीच झालेले असतात.

राज्याच्या अर्थसंकल्पाची तयारी पावसाळा सरता सरता खात्यांमध्ये सुरू होते. आरोग्य अभियानाचा आराखडा, ज्याला सगळे पीआयपी म्हणतात, त्याचे जिल्ह्यांचे प्रस्तावही साधारण हिवाळ्यात तयार होतात. म्हणून कंत्राटी भूलतज्ज्ञाची मागणी दिवाळीच्या आतच अभियानाच्या जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापकाच्या हातात पडायला हवी. आराखडा दोन वर्षांचा असेल तर मधल्या वर्षी पुरवणी प्रस्तावाबद्दल विचारा.

जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. दुरुस्ती, रुग्णवाहिका, यंत्रसामग्री यासाठी इथून पैसा मिळू शकतो, पगारासाठी मात्र नाही. पदाची मागणी घेऊन पालकमंत्र्यांना भेटायचं असेल तर समितीच्या निधीतून पद मागू नका. मंत्री म्हणून विभागाला पत्र द्या, असं म्हणा.

विधिमंडळाची अधिवेशनं तीन: फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास अर्थसंकल्पी आणि पावसाळ्यात पावसाळी, ही मुंबईत, हिवाळी डिसेंबरमध्ये नागपूरला. प्रत्येक अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात. बजेटमध्ये राहून गेलेलं त्यात घालता येतं. अर्थसंकल्पाची पुस्तकं उघडून पाहायची असतील तर आरोग्यावरचा महसुली खर्च २२१० या लेखाशीर्षाखाली (खर्चाच्या खात्याचा क्रमांक) आणि भांडवली खर्च ४२१० खाली शोधा. ४२१० मध्ये इमारतीला पैसे आहेत आणि २२१० मध्ये तिथल्या माणसांच्या पगाराची सोय नाही, असं दिसलं तर तो मुद्दा आमदारांना जरूर दाखवा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी, असं लक्ष्य ठेवलं होतं. त्याची आठवण करून द्यायलाही हीच जागा.

सहावी पायरी: आमदारांना तयार प्रश्न द्या

आमदारांकडे रोज शेकडो माणसं येतात. 'लक्ष घाला साहेब' म्हणून निघून आलात तर त्यांच्याही हातात काही उरत नाही. सभागृहाच्या भाषेत प्रश्न लिहूनच न्या:

*(१) (तालुका) येथील ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ उपलब्ध नसल्याने गत वर्षभरात (आकडा) गरोदर महिलांना अन्यत्र पाठवावे लागले, हे खरे आहे काय;*
*(२) असल्यास, भूलतज्ज्ञाचे पद मंजूर करून भरण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे;*
*(३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?*

हा झाला तारांकित प्रश्न. तो अधिवेशनाच्या बरेच आठवडे आधी द्यावा लागतो, म्हणून अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की लगेच भेटा. पटलावर तोंडी उत्तराची पाळी आली नाही तरी लेखी उत्तर छापलं जातं, आणि 'हे अंशतः खरे आहे' एवढं जरी आलं तरी शासनाने कबूल केल्याचा तो पुरावा आहे. विषय तातडीचा असेल तर अधिवेशन चालू असताना लक्षवेधी सूचना देता येते. आपल्या भागातले विधान परिषदेचे सदस्य विसरू नका, आणि एकाच पक्षाच्या दारात उभे राहू नका. सत्तेतल्या आमदाराने मंत्र्यांना पत्र द्यावं आणि विरोधातल्याने प्रश्न विचारावा, हे दोन्ही एकाच वेळी झालं तर फाइल लवकर हलते.

मंत्री सभागृहात 'तीन महिन्यांत करू' म्हणाले तर तारीख लिहून ठेवा. सभागृहात दिलेल्या शब्दांचा मागोवा घ्यायला आश्वासन समिती असते. आमदारांना त्या समितीकडे पत्र द्यायला सांगा.

सातवी पायरी: दवाखान्यातली माणसं आपली आहेत

हे मी मुद्दाम वेगळं लिहितो आहे. चौघांचं काम एकटीने ओढणाऱ्या नर्ससमोर मोबाइल धरून व्हिडिओ काढणं हा पाठपुरावा नव्हे. त्याने ती बदली मागते आणि आणखी एक पद रिकामं होतं. डॉक्टर आणि कर्मचाऱ्यांवर हात टाकणं हा तर महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने अजामीनपात्र गुन्हा आहे. वैद्यकीय अधीक्षकांना भेटून सरळ सांगा की आम्ही तुमच्यासाठी माणूस मागायला निघालो आहोत. आशाताईंना सोबत घ्या, पण त्यांना अडचणीत आणू नका. माहिती त्यांची असली तरी सही गावाची असू द्या.

महाराष्ट्रात यासाठी एक रीत घडलेली आहे. २००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली 'लोकाधारित देखरेख' सुरू झाली. पुणे, अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आणि ठाणे हे पहिले पाच जिल्हे होते आणि राज्यपातळीवर 'साथी' संस्थेने समन्वय केला. गावकरी दवाखान्याचं प्रगतिपुस्तक भरत आणि जनसुनवाईत अधिकारी समोर बसून उत्तरं देत. आपल्या तालुक्यातही जनसुनवाई घेता येते. बोलणाऱ्या व्यक्तीची लेखी संमती, तिला नको असेल तर नाव नाही, आणि अधिकाऱ्यांना दहा-पंधरा दिवस आधी मुद्द्यांची यादी, एवढं पाळलं की सभा भांडणावर जात नाही. आरोग्य हक्कांसाठी काम करणाऱ्या जन आरोग्य अभियानाचे कार्यकर्ते अनेक जिल्ह्यांत आहेत, त्यांना बोलवा.

जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. तिथेही अर्ज ठेवा, पण त्यासाठी पंधरा दिवस आधी अर्ज द्यावा लागतो.

आठवी पायरी: घोषणा झाली, आता शासन निर्णय शोधा

२०२३ च्या अखेरीस आशाताईंच्या संपानंतर मानधनवाढीची घोषणा झाली. शासन निर्णय मात्र निघाला नाही. त्यांना जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा संपावर जावं लागलं, आझाद मैदानावर बसावं लागलं, तेव्हा मार्चमध्ये जीआर आला. मंत्र्यांनी भाषणात दिलेलं आणि पेपरात छापलेलं, दोन्ही मान्य करा, आभारही माना. पण संगणक संकेतांक असलेला शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर दिसेपर्यंत वही बंद करू नका. जीआर सापडला की त्यात तीन गोष्टी वाचा: पदांची संख्या, खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली, आणि वित्त विभागाच्या सहमतीचा उल्लेख.

सगळे दरवाजे ठोठावूनही काही झालं नाही तर उच्च न्यायालय आहे. मेळघाटातल्या कुपोषण आणि बालमृत्यूंच्या जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं चालू आहेत आणि न्यायालयाने शासनाला डॉक्टरांच्या नेमणुकांबद्दल वेळोवेळी जाब विचारला आहे. पण याचिका टिकते ती आधीच्या कागदांवर. वर केलेले अर्ज, ठराव, प्रश्नोत्तरं यांची तारखेनुसार लावलेली फाइल नसेल तर वकिलाकडे जाण्याची घाई करू नका.

आणि भूलतज्ज्ञ रुजू झाला, पहिलं सिझेरियन सुखरूप पार पडलं, तर रुग्णालयात जाऊन सगळ्यांचं मनापासून अभिनंदन करा. त्यानंतर तीन महिन्यांनी वहीचा चौथा रकाना पुन्हा भरा. नवा माणूस आठवड्यातले तीन दिवस जिल्हा रुग्णालयात प्रतिनियुक्तीवर गेलेला असेल, तर आदेशाची प्रत मागा आणि तो रद्द करण्याचं पत्र त्याच दिवशी सिव्हिल सर्जन आणि उपसंचालक दोघांनाही द्या.